नातं काय करतं? १८९६-९७च्या प्लेगमधून शिकलेला एक प्रश्न



पेट झाली, मुलाखत झाली, आता सिनॉप्सिस लिहायला बसलाय आणि विषय ठरलाय 'सामाजिक नातेसंबंध आणि आरोग्य' किंवा त्याच्या आसपासचा काहीतरी. अशा सगळ्यांसाठी ही पोस्ट आहे. विषय छानच आहे, पण त्यात एक खड्डा आहे. मी त्यात पडलो होतो, म्हणून सांगतो.

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसचं पहिलंच वाक्य होतं, 'सामाजिक संबंधांचा व्यक्तीच्या आरोग्यावर मोठा परिणाम होतो.' लिहून झाल्यावर मला ते फार भारदस्त वाटलं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलनं रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले: 'क्रियापद कुठाय?' मी म्हणालो, 'मॅडम, होतो आहे ना.' त्या म्हणाल्या, 'परिणाम होतो, हे काही क्रियापद नव्हे. नात्यानं काय केलं ते सांग. पेज भरवली? गाडीत बसवलं? पोलिसांपासून लपवलं? घराबाहेर काढलं? तुझ्या वाक्यात नातं नुसतं बसून आहे.'

तेव्हा राग आला. पुढं काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसून मुंबईच्या प्लेगचे अहवाल वाचायला लागलो, तेव्हा तो प्रश्न कळला. आज तेच उदाहरण घेऊन बोलू या. इतिहासाचं आहे, पण समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, सोशल वर्क करणाऱ्यांनाही चालेल.

मांडवीतला ताप

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात, बंदराजवळच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, लोक एका विचित्र तापानं मरू लागले. काखेत, जांघेत गाठ यायची, कडक ताप भरायचा आणि काही दिवसांत माणूस जायचा. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस तिथं प्रॅक्टिस करत होते. हा प्लेग आहे असं त्यांनी ओळखलं आणि महापालिकेला सांगितलं. आधी टाळाटाळ झाली, मग मान्य करावं लागलं.

त्या मुंबईचा आकार लक्षात घ्या. १८९१च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. त्यातले बरेचसे बाहेरून आलेले. गिरण्यांमध्ये सत्तर-ऐंशी हजार कामगार, त्यात रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा वाटा सगळ्यांत मोठा. ही माणसं 'एकटी' आली होती असं आपण म्हणतो, पण एकटं कुणीच येत नव्हतं. गावचा कुणीतरी आधी आलेला असायचा. त्याच्या ओळखीनं खोली, त्याच्या ओळखीनं मुकादम, मुकादमाच्या हातून गिरणीत काम, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उधारी, खानावळवाल्या बाईकडे महिन्याचं जेवण. गोव्याकडच्या लोकांचे गावावार 'कूड' होते: एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली राहायची जागा. राजनारायण चंदावरकर यांनी मुंबईच्या कामगारांवर जे काम केलंय त्याचा एक मोठा धागा हाच आहे. ज्याला आपण खेड्यातला जुनाट अवशेष समजतो ते नातं शहरात टिकून राहण्याचं साधन होतं. बेकारीचा भत्ता नाही, आजारपणाची रजा नाही, विमा नाही. होती ती फक्त माणसं.

आता या जाळ्यावर प्लेग आला. जाळ्यानं काय काय केलं, ते एकेक क्रियापद घेऊन बघू.

पहिलं क्रियापद: घेऊन जाणं

ऑक्टोबरपासून लोक शहर सोडू लागले. नोव्हेंबर, डिसेंबरमध्ये ओघ वाढला. फेब्रुवारी १८९७पर्यंत शहर जवळपास अर्धं रिकामं झालं होतं, असे त्या वेळच्या अधिकाऱ्यांचेच अंदाज आहेत. गिरण्यांत माणूस मिळेना. रोजच्या रोज मजुरी द्यायची पाळी आली. रस्त्याच्या कोपऱ्यावर कामगारांसाठी बोली लागायची, हे मॉरिस डेव्हिड मॉरिसनं गिरणी कामगारांवरच्या १९६५च्या पुस्तकात नोंदवलंय.

सरकारी कागदांत या सगळ्याला एकच शब्द आहे: घबराट. लोक घाबरले आणि पळाले. पण जरा थांबा. पळून माणूस कुठं जातो? जिथं त्याला कुणी घरात घेईल तिथं. म्हणजे शहर सोडता येणं ही भीतीची गोष्ट होतीच, पण ती नात्याचीही गोष्ट होती. गावात घर असलेला, भावकी असलेला, दोन महिने कुणी भाकरी घालेल असा माणूस गेला. ज्याचं गावाशी नातं दुष्काळात, कर्जात किंवा जमीनच नसल्यामुळे तुटलं होतं, तो चाळीत राहिला. दोघांचीही भीती सारखीच होती. जायला जागा एकालाच होती.

आपल्याकडं एक वाक्य ऐकलं असेल, 'जरा हवापालट करायला गावी आलाय.' माझ्या आजीच्या तोंडी ते नेहमी असायचं. मुंबईचा माणूस आजारी पडला की त्याला गावी आणायचं, आणि हवापालट हा त्याला दिलेला सभ्य शब्द. प्लेगनंतर कितीतरी वर्षं, क्षयाच्या बाबतीत तर विशेष, हे चाललं. आता संशोधक म्हणून विचार करा. आजारी माणूस मुंबईत कामाला होता, आजार मुंबईत जडला आणि मेला गावी. तर त्याचा मृत्यू मुंबईच्या आकड्यांत येणार नाही. ज्यांची नाती घट्ट ते शहराच्या मृत्यूनोंदीतून निसटणार, ज्यांची नाहीत ते नोंदीत राहणार. उद्या तुम्ही चाळीतले एकटे लोक आणि कुटुंबवाले लोक यांच्या मृत्यूची तुलना करायला बसलात, तर हिशोब करायच्या आधीच काटा एका बाजूला झुकलेला असेल. आकडे खोटे नसतात, पण कोण मोजलं गेलं आणि कोण आधीच गावाला निघून गेलं, हे आकडा सांगत नाही.

दुसरं क्रियापद: लपवणं

६ ऑक्टोबर १८९६ला महापालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी हुकूम काढला: प्लेगचा रुग्ण सक्तीनं वेगळा करायचा, गरज पडली तर रुग्णालयात न्यायचा. म्हणजे मुख्यतः आर्थर रोडच्या रुग्णालयात. तेच आजचं चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय.

लोकांना त्या जागेची दहशत बसली. तिथं नेलेला माणूस परत येत नाही, तिथं माणसं मारतात, अवयव काढतात अशा वावड्या उठल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी रुग्णालयावर हल्ला केला. सक्ती सैल करावी लागली. स्नो यांना आणखी एक धास्ती होती: मैला वाहणारे आणि झाडूवाले शहर सोडून गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. ज्यांना समाजानं सगळ्यांत खाली ढकललं होतं, त्यांच्या जाण्याच्या नुसत्या शक्यतेनं आयुक्त सावध झाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढं ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली आणि घरझडत्या सुरू झाल्या. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी अक्षरं रंगवली जायची. आणि अहवालांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागते: लोक रुग्ण लपवतात. रुग्णाला गादीखाली, माळ्यावर दडवतात, शेजारच्या घरात हलवतात, विचारलं तर साधा ताप म्हणून सांगतात.

इथं मी पहिल्यांदा अडखळलो. माझ्या वहीत मी 'सहकार्य' आणि 'विरोध' असे दोन रकाने केले होते. लपवणं मी अर्थातच 'विरोध' या रकान्यात टाकत होतो. मॅडम म्हणाल्या, 'हा रकाना कुणी केलाय? तू की गॅटेकरनं?' उत्तर सोपं होतं. साहेबाच्या नजरेत जी लपवणूक, ती घरातल्यांच्या नजरेत शुश्रूषा. आईला परक्या माणसांच्या हाती न देणं, तिला शेवटचं पाणी आपल्या हातून पाजणं, प्रेताला आपल्या रीतीनं अग्नी किंवा माती देणं. कागदात क्रियापद एकच दिसतं, पण त्याच्या आत दोन क्रिया आहेत. सरकारी दप्तर वाचताना हे कायम करा: प्रत्येक आरोपवजा शब्दाखाली कुठली काळजी दडली आहे ते शोधा. आणि उलटंही करा. प्रत्येक काळजीखाली कुणावर अन्याय झाला का, तेही बघा. लपवलेल्या घरातल्या सुनेला रुग्णाची सेवा करायची की नाही हे कुणी विचारलं असेल, असं समजायचं कारण नाही.

आर्थर रोडला दाखल झालेल्यांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त लोक दगावत. लोक म्हणायचे, बघा, तिथं माणसं मरतात. डॉक्टर म्हणायचे, तुम्ही शेवटच्या घटकेला आणता म्हणून मरतात. दोघंही एकाच आकड्याकडं बोट दाखवत होते. लोक घाबरून उशिरा आणायचे, उशिरा आणल्यामुळे रुग्ण दगावायचे, दगावल्यामुळे भीती वाढायची. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे सांगताना तुमची पहिली परीक्षा इथंच होते.

तिसरं क्रियापद: जागा देणं, आणि न देणं

सक्ती चालत नाही म्हटल्यावर सरकारनं एक वेगळी वाट मान्य केली. ज्या त्या समाजानं आपापलं रुग्णालय काढावं. पारशी, जैन, भाटिया, खोजा, मेमन अशा अनेक समाजांची तात्पुरती प्लेग रुग्णालयं उभी राहिली. तिथं आपल्या हातचं अन्न मिळायचं, आपल्या भाषेत बोलणारी माणसं असायची, नातेवाइकांना जवळ बसता यायचं, वैद्य आणि हकीमही चालायचे. लोक तिथं तुलनेनं सहज जाऊ लागले. ज्या भीतीला पोलीस हरले, तिला ओळखीच्या माणसानं हरवलं.

इथपर्यंत वाचून वाटेल, बघा, समाजाची नाती किती उपयोगी! थांबा. ही रुग्णालयं कुणाच्या पैशातून उभी राहिली? त्या त्या समाजातल्या शेठ-सावकारांच्या. म्हणजे आजारपणात तुम्हाला बरी खाट मिळेल की नाही, हे तुमच्या जातीत श्रीमंत माणूस आहे की नाही यावर ठरत होतं. ज्यांच्या समाजात गिरणीमालक नव्हता, वखारवाला नव्हता, त्यांच्यासाठी सरकारी रुग्णालय होतं किंवा स्वतःची खोली होती. आणि जातीच्या रुग्णालयाचं दार जातीसाठीच उघडं असणार, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'घट्ट सामाजिक जाळं आरोग्याला पोषक असतं' असं लिहायच्या आधी शेजारी एक ओळ लिहा: जाळ्यात कोण आहे आणि जाळ्याबाहेर कोण? एका समाजाची घट्ट वीण हीच दुसऱ्यासाठी भिंत असू शकते. आपल्याकडं हे पुस्तकातून शिकायची गरज पडत नाही. पाणवठ्याचा इतिहास माहीत असला तरी पुरे.

जन्मानं न मिळालेली नाती

मग सगळी नाती जन्माचीच होती का? नाही. दोन मृत्यू सांगतो. दोघांमध्ये एक महिन्याचं अंतर आहे.

नारायण मेघाजी लोखंडे. १८८४मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे, 'दीनबंधु' चालवणारे, रविवारच्या सुट्टीसाठी लढलेले सत्यशोधक. प्लेगच्या दिवसांत त्यांनी मराठा रुग्णालय उभं करण्यात पुढाकार घेतला आणि लोकांत काम करत राहिले. ९ फेब्रुवारी १८९७ला प्लेगनंच ते गेले.

सावित्रीबाई फुले. पुण्याजवळ हडपसरच्या ससाणे मळ्यात त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा आजारी असल्याचं कळलं, तेव्हा सावित्रीबाई त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ला प्लेगनं गेल्या.

या प्रसंगाकडं आपण श्रद्धेनं बघतो आणि तिथंच थांबतो. संशोधकानं एक पाऊल पुढं जायला हवं. सावित्रीबाई आणि तो मुलगा यांच्यामध्ये कुठलं नातं होतं? रक्ताचं नाही, जातीचं नाही, गावकीचं नाही. खुद्द यशवंत हे एका ब्राह्मण विधवेचे पुत्र, फुले दांपत्यानं दत्तक घेतलेले. म्हणजे आई-मुलाचं नातंही इथं निवडलेलं आहे. १८७३मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला, त्याला तोवर चोवीस वर्षं होत आली होती. जाळं असं घडवता येतं, आणि ते संकटात काम करतं, याचा हा पुरावा आहे. त्याची किंमतही त्याच पुराव्यात आहे. ज्या नात्यानं मुलाला वाचवलं तेच नातं सावित्रीबाईंना त्या साथीच्या मधोमध घेऊन गेलं होतं.

चौथं क्रियापद: विश्वास ठेवायला लावणं

वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका छोट्या जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला पहिली स्वतःला टोचून घेतली. पण सरकारच्या सुईवर विश्वास कोण ठेवणार? ज्या गावात आर्थर रोडची एवढी धास्ती, तिथं टोचून घ्यायला पुढं येणार कोण?

त्या वेळी आगाखान तिसरे अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि हाफकिनना प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. त्यांच्यामागून हजारो खोजांनी लस घेतली. लस तीच, शास्त्रज्ञ तोच, शहर तेच. फरक एवढाच की सुई आणि दंड यांच्यामध्ये एक ओळखीचा, मानाचा माणूस उभा राहिला.

हाफकिननी मग खोजा समाजात लस घेतलेले आणि न घेतलेले यांची तुलना केली. लस घेतलेल्यांत मृत्यू खूपच कमी होते. लस उपयोगी होती, हे पुढंही दिसलं. पण तुम्ही उद्याचे संशोधक आहात, म्हणून विचारा: लस कुणी आधी घेतली असेल? धडधाकट होते त्यांनी की अंथरुणाला खिळले होते त्यांनी? हवेशीर घरातल्यांनी की वखारीवरच्या खोलीतल्यांनी? एकाच समाजातले लोक निवडल्यानं तुलना बरीच नीट होते, हे हाफकिनचं शहाणपण. पण समाजाच्या आतही माणसं सारखी नसतात.

पिसवेनं काय सांगितलं

आता या कथेतली सगळ्यांत मोठी कलाटणी. १८९६-९७मध्ये हा रोग पसरतो कसा, हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. सरकारनं धरून चाललं की माणसाचा माणसाशी संपर्क आणि घाण ही कारणं. म्हणून रुग्णाला घरच्यांपासून तोडायचं, घरच्यांना छावणीत टाकायचं. म्हणजे नातं हाच रोगाचा रस्ता, असं मानलं गेलं.

१८९८मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरची पिसू प्लेग नेते. आधी त्याला कुणी फारसं मानलं नाही. १९०५नंतर मुंबईतच झालेल्या प्लेग कमिशनच्या कामानं, त्यात ग्लेन लिस्टन यांचा मोठा वाटा होता, ते पक्कं झालं. फुफ्फुसाचा प्लेग श्वासावाटे माणसाकडून माणसाला होतो, तो वेगळा. पण गाठीच्या प्लेगमध्ये रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याला लागण तुलनेनं क्वचित व्हायची, आणि रुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टरांच्याही हे ध्यानात आलं होतं.

याचा अर्थ काय होतो बघा. गाठीच्या प्लेगात रुग्णाला आईच्या हातून काढून घेण्यानं साथ फारशी थांबणार नव्हती. धोका आईत नव्हता, घरातल्या मेलेल्या उंदरांत होता. उलट, लोकांना घर सोडून जाऊ देणं हे बऱ्याच वेळा बरोबर होतं. 'उंदीर पडायला लागले' की घर सोडायचं आणि माळावर झोपडी टाकून राहायचं, हे आपल्या खेड्यांनी पुढच्या वर्षांत शिकून घेतलं. तुमच्या गावी अजूनही एखाद्या माळाची तशी आठवण सांगणारं कुणी असेल.

पण नात्याला पूर्ण निर्दोष सोडू नका. गावी निघालेला माणूस बोचकं घेऊन निघायचा. त्यात वाकळ, कपडे, कधी पोतंभर धान्य. त्यातून पिसवा गेल्या असतील तर गावातल्या उंदरांना प्लेग मिळाला. रेल्वेनं आणि बाजाराच्या वाटांनी हा रोग मुंबईबाहेर पसरला. ज्या वाटेनं माणूस आधाराकडं गेला, त्याच वाटेनं कधी कधी मरण आधाराच्या दारात गेलं.

म्हणून 'नाती आरोग्याला चांगली की वाईट?' हा प्रश्न मी सोडून दिला. पेज भरवणारं नातं, गाडीत बसवणारं नातं, खाट देणारं नातं, लस घ्यायला लावणारं नातं, दार लावून घेणारं नातं. ही वेगवेगळी कामं आहेत. एकच माणूस ती सगळी करू शकतो, आणि त्यातलं प्रत्येक काम शरीरावर वेगळ्या वाटेनं पोहोचतं.

पॅरिस ते कॅलिफोर्निया, थोडक्यात

योगायोग बघा. मुंबईत घरझडत्या चालू होत्या त्याच वर्षी, १८९७मध्ये, पॅरिसमध्ये एमील दुर्खाइमचं आत्महत्येवरचं पुस्तक आलं. अत्यंत खाजगी वाटणाऱ्या मृत्यूचं प्रमाणही समाजाशी असलेल्या बांधिलकीनुसार बदलतं, हे त्यानं आकड्यांतून मांडलं. पण तो 'नाती जितकी जास्त तितकं चांगलं' असं म्हणत नाही. बांधिलकी फार सैल झाली तरी आणि फार आवळली तरी, दोन्हीकडं धोका आहे, असं त्याचं म्हणणं. हा दुसरा अर्धा भाग नोट्समध्ये नेहमी गळतो. तुम्ही गाळू नका.

मग १९७९. कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीच्या ६,९२८ प्रौढांची १९६५मध्ये पाहणी झाली होती. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी त्यांचा नऊ वर्षांचा मृत्यूचा हिशोब मांडला. विवाह, मित्र-नातेवाईक, चर्च आणि इतर संघटना अशी चार प्रकारची नाती धरली. ज्यांची नाती सगळ्यांत कमी होती त्यांच्यात मृत्यूचा धोका, सगळ्यांत जास्त नाती असलेल्यांच्या तुलनेत, पुरुषांत २.३ पट आणि स्त्रियांत २.८ पट निघाला. सुरुवातीची तब्येत, धूम्रपान, आर्थिक स्थिती लक्षात घेतल्यावरही फरक उरला. हे मुळात बर्कमन यांचं पीएचडीचं काम होतं, हे खास तुमच्यासाठी सांगतोय. पुढं २०१०मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, आणि मजबूत नाती असलेल्यांची जगण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली.

हे आकडे भक्कम आहेत. पण त्यातही मॅडमचा प्रश्न उभाच राहतो. आजारी माणसाकडं लोक येईनासे होतात, म्हणून त्याची नाती कमी दिसतात का? नात्यानं औषध वेळेवर दिलं, की दारू सोडायला लावली, की नुसतं कुणीतरी आहे या जाणिवेनं शरीर सावरलं? आकडा दार दाखवतो. आत काय आहे ते बघायला प्रकरणं लागतात, आणि प्रकरणं इतिहासाकडं भरपूर आहेत.

आता तुमचा सिनॉप्सिस

एक काम करा. तुमच्या सिनॉप्सिसचा मसुदा काढा आणि 'संबंध', 'परिणाम', 'प्रभाव', 'भूमिका' या शब्दांखाली रेघ ओढा. प्रत्येकाच्या जागी एक हाताचं किंवा पायाचं क्रियापद घाला: भरवलं, उचललं, नेलं, पैसे दिले, लपवलं, हाकललं. जिथं असं क्रियापद सापडत नाही, तिथं तुमच्याकडं अजून पुरावा नाही असं समजा. तोच तुमचा संशोधनप्रश्न.

मग त्याला तीन प्रश्न विचारा. हे कुणासाठी केलं आणि कुणासाठी नाही? ही गोष्ट मला कुणाच्या कागदातून कळते आहे आणि त्या कागदाला काय नको होतं? ज्यांच्यासाठी कुणीच काही केलं नाही, ते माझ्या साधनांत दिसतात तरी का? तिसऱ्या प्रश्नाला वेळ द्या. ज्याला लपवायला कुणी नव्हतं, तो लपवणुकीच्या तक्रारीत येत नाही. ज्याला गावी न्यायला कुणी नव्हतं, तो पळालेल्यांच्या गणतीत येत नाही. तो फक्त मृतांच्या यादीत एक आकडा असतो. कधी कधी तोही नाही.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात १८९७चाच साथरोग कायदा लागू झाला. मुंबईतले पहिले करोना रुग्ण त्याच कस्तुरबा रुग्णालयात, म्हणजे जुन्या आर्थर रोडला, दाखल झाले. आणि काही आठवड्यांत लोक पुन्हा गावाकडं निघाले, या वेळी रेल्वे बंद म्हणून चालत. टीव्हीवर तेव्हा मी पुन्हा तोच शब्द ऐकला: घबराट. मी सिनॉप्सिसची जुनी फाइल उघडली, पहिलं वाक्य खोडलं आणि त्या जागी लिहिलं, 'फेब्रुवारी १८९७पर्यंत ज्यांना गावी कुणी घरात घेणार होतं, त्यातले बरेच जण मुंबई सोडून गेले होते. हा प्रबंध उरलेल्यांविषयी आहे.'

मॅडमनी या वेळी पेन्सिल उचलली नाही.